हळद लागलेली मोटार

चौतीस वर्षं अकरा गावांना पाणी पाजलेल्या माणसाला एका मोटारीला पाणी पाजता येऊ नये, ही गोष्ट हौशीराम काजळे यांच्या फार जिव्हारी लागली होती.

हौशीराम पाणीपुरवठा योजनेत व्हॉल्व्हमन म्हणून लागले आणि मुख्य फिटर म्हणून निवृत्त झाले. मावळातल्या टेकड्यांतून गेलेल्या पाइपलाइनचा कुठला जोड कधी कुरकुरतो, हे त्यांना स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा जास्त ठाऊक. लोखंडी सळईचं एक टोक जमिनीत खुपसायचं, दुसरं कानाला लावायचं आणि चार फूट खालची गळती बोटभर अंतराने सांगायची, असा हा माणूस. परंदवडीच्या पलीकडे त्यांची वाडी आहे. तिथे त्यांना ‘पाणीवाले आबा’ म्हणतात, आणि त्यातल्या ‘पाणीवाले’ या शब्दाचा त्यांना ‘आबा’पेक्षा जास्त अभिमान आहे.

तर अशा माणसाच्या अंगणात चैत्रातल्या एका आठवड्यात लाल रंगाची, दोनच माणसांची, जमिनीला टेकायला आलेली परदेशी स्पोर्ट्‌स कार उभी होती आणि पाणी पीत होती. इंजिन गार ठेवायचं पाणी सकाळी भरून चक्कर मारली की दुपारी टाकी कोरडी. खाली एक थेंब नाही, ओल नाही, चिखल नाही. पाणी जात होतं कुठे, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

गाडी लोणावळ्याच्या डॉक्टर शालनताईंची. त्यांच्या बंगल्याची पाण्याची लाइन हौशीरामांनी तीस वर्षं सुट्टीच्या दिवशीसुद्धा सांभाळली होती. आता एकोणऐंशीव्या वर्षी ताई मुलीकडे कायमच्या निघाल्या. कागद हौशीरामांच्या नावावर करून किल्ली हातात देताना त्या म्हणाल्या, “दुसऱ्या कुणाला दिली तर तो फक्त धुऊन पुसून उभी करील. तुम्ही चालवाल. माझं एकच मागणं आहे. रविवारी सकाळी नऊला मला स्टेशनवर सोडायला हिलाच घेऊन यायचं. मी या गावात हिच्यातून आले, जाणारही हिच्यातूनच.”

“ताई, नऊ म्हंजे नऊ,” हौशीराम म्हणाले. योजनेच्या नोकरीत त्यांनी पाणी सोडायची वेळ कधी चुकवली नव्हती, त्यामुळे शब्द द्यायला त्यांना भीती वाटली नाही. ती वाटायला हवी होती.

मंगळवारी गाडी वाडीत आली तेव्हा सगळे रस्त्यावर उभे होते. वाडीच्या तोंडाशीच पिवळ्या पट्ट्यांचा गतिरोधक आहे. आता या गतिरोधकाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण तो हौशीरामांच्या आयुष्यातला पाइपलाइननंतरचा सर्वांत मोठा पराक्रम. कारखान्यांच्या बसगाड्या शाळेसमोरून सुसाट जात, म्हणून त्यांनी तीन वर्षांत चौदा अर्ज करून तो बसवून घेतला होता. स्वतःच्या गतिरोधकापुढे कुणी वेग कमी करतो का? हौशीराम ऐटीत तसेच वर गेले. खालून ‘खर्रर्र’ असा आवाज आला, पण ताशाच्या आणि पेढ्यांच्या गडबडीत तो कुणी मनावर घेतला नाही.

हौशीरामांच्या पत्नी नंदाबाईंनी गाडीला ओवाळलं, आत डोकावलं आणि विचारलं, “मागची सीट कुटंय?”

“न्हाई.”

“न्हाई म्हंजे? बाकीचं घर कुटं बसवायचं?”

हा प्रश्न वाडीतल्या प्रत्येकाने वेगवेगळा विचारला. दोनच माणसांची गाडी ज्याने बनवली त्याचं घरात कुणाशी पटत नसावं, असं शेवटी सर्वानुमते ठरलं.

बुधवारी सोमाटणे फाट्यापर्यंत चक्कर मारून येताना तापमानाच्या काट्याने लाल रेघेला हात लावला आणि गाडीतून वाफ निघाली. शेजारचे धोंडिबा धावत आले. धोंडिबा म्हणजे हौशीरामांचे बालमित्र. बैलगाड्यांच्या शर्यतीतली नावाजलेली बैलजोडी त्यांची आणि जत्रा कमिटीचे अध्यक्षही तेच. त्यामुळे जगातल्या कुठल्याही चाकावर बोलायचा हक्क आपल्याला आहे, असं ते मानत. त्यांनी पुढचं झाकण उचललं आणि किंचाळले.

“हौशा, फसवलं तुला! इंजिनच काढून घेतलंय रं!”

आत खरोखरच नुसता खड्डा होता, बॅग ठेवण्यापुरता. इंजिन मागे असतं आणि सामान पुढे, हे फाट्यावर गॅरेज चालवणाऱ्या उमेशने येऊन दाखवलं, तेव्हा कुठे धोंडिबा शांत झाले. पण गाडी उलटी बसवली आहे, हे मत त्यांनी आजपर्यंत बदललेलं नाही.

मग सल्ले सुरू झाले. एकाने अंड्याचा पांढरा बलक सुचवला, दुसऱ्याने कपडे धुण्याचा साबण. कुणाच्या मते गाडीला नजर लागली होती आणि कुणाच्या मते पेढे कमी पडले होते. हौशीराम सगळ्यांना एकच उत्तर देत होते, “मी पाण्यातला मानूस हाये. मला शिकवू नका.” पण मनातून ते हादरले होते.  गुरुवारी दुपारी ते जरा लवंडले असताना धोंडिबा स्वयंपाकघरातून हळदीचा डबा घेऊन गेले आणि पाव किलो हळद गाडीच्या टाकीत ओतून मोकळे झाले.

“माज्या ट्रॅक्टरला घातलती,” ते नंतर शांतपणे म्हणाले. “आठ वर्सं झाली, थेंब न्हाई गळला. हळद जाऊन भोक बुजवती.”

“ती वर्साची हळद हुती!” नंदाबाई ओरडल्या. “घरात कांडलेली!”

“मंग तर लयच चांगलं.”

हौशीरामांनी कपाळाला हात लावला. मुलगा संदेश हा नवलाख उंबरे गावाजवळच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याने पुण्यातल्या एका मोठ्या गॅरेजला व्हिडिओ कॉल लावून दिला. पलीकडे टाय लावलेला माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि इंजिन उतरवावं लागेल, भाग परदेशातून येतील, तीन महिने धरून चाला, असं सांगितलं. मग त्याने टाकीचा फोटो निरखून पाहिला.

“सर, कूलंट पिवळा का दिसतोय?”

“हळद,” हौशीराम पुटपुटले.

“हळद? सर, हळद का?”

 हौशीरामांनी ताठ होऊन विषय बदलला. “हे बघा, मी पानीपुरवठ्यात मुख्य फिटर हुतो. चौतीस वर्सं.”

“सर, हे वॉटर सप्लाय नाहीये. ही कूलिंग सिस्टिम आहे.”

फोन बंद झाला. संदेश हळूच म्हणाला, “आबा, कशाला जिवाला त्रास? ताईंना मी भाड्याची गाडी पाठवतो. हिला जुन्या गाड्या जमवणाऱ्या कुणाला तरी देऊन टाकू.”

 हौशीरामांनी चहाही घेतला नाही, आणि चहाला नाही म्हणालेले हौशीराम वाडीत कुणी पाहिले नव्हते. ओट्यावर बसून ते एकच वाक्य चघळत होते. हे वॉटर सप्लाय नाही. ताईंनी तीस वर्षं विश्वास टाकला, शेवटचं एकच मागितलं, आणि आपण भाड्याची गाडी पाठवायची. त्यांना रडू येईल असं वाटलं, म्हणून त्यांनी उमेशला जरा दरडावूनच विचारलं.

“उमेश, ह्या गाडीत पानी गार कुटं हुतं?”

“पुढं, आबा. नाकापाशी. रेडिएटर तितं हाये.”

“आन् तापतं?”

“मागं. इंजिनात.”

“मंग पुढनं मागं जातं कसं?”

“पोटाखालनं दोन नळ्या गेल्यात. आठ-आठ फुटांच्या.”

हौशीराम उभे राहिले. “म्हंजे टाकी एकीकडं, गाव दुसरीकडं आन् मधी मेन लाइन! आरं, मंग हा पानीपुरवठा न्हाई तर काय हाये?” आणि ते माळ्यावर चढले. खाली आले तेव्हा त्यांच्या हातात ऐकायची सळई होती.

पुढचं काम त्यांनी योजनेत करत तसंच केलं. जॅक लावून गाडी चार लाकडी ओंडक्यांवर चढवली. इंजिन थंडगार असताना उमेशने टाकीच्या जुन्या झाकणात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून दिला आणि सायकलच्या पंपाने आत हवा भरायला घेतली. हौशीराम सळई कानाला लावून गाडीखाली सरपटले. “गप ऱ्हावा समदी!” वाडी गप्प झाली. धोंडिबांच्या बैलांची घुंगरं वाजली. “त्यान्ला बी सांग!” धोंडिबांनी जाऊन दोन्ही बैलांच्या गळ्यातली घुंगरं मुठीत धरली.

सळई पुढच्या जोडावर, काही नाही. दीड फूट मागे, काही नाही. आणखी मागे, अगदी मधोमध, सूं… सूं… बारीक आवाज आला. हौशीरामांनी डोळे मिटले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. नळी गार असताना चीर मिटलेली राहायची, म्हणून अंगणात थेंब नसायचा. तापून दाब वाढला की ती उघडायची आणि पाणी वाटेतच उडून जायचं. त्यांनी बॅटरी मारली तर चिरेभोवती पिवळा ओघळ. बोट लावून वास घेतला, घरची हळद! धोंडिबाच्या हळदीने भोक बुजवलं नव्हतं, पण नेमकं दाखवून दिलं होतं.

ओघळाच्या बाजूला मात्र दुसरं एक पिवळं होतं, कोरडं आणि खरखरीत. हौशीरामांनी ते नखाने खरवडलं. ती हळद नव्हती, ऑइलपेंट होता. वाडीत असा पिवळा ऑइलपेंट एकाच ठिकाणी होता. ते गाडीखालून बाहेर आले, पण बराच वेळ त्यांनी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

“काय घासलं रं?” धोंडिबांनी विचारलं.

“दगड आसंल,” हौशीराम म्हणाले. चौतीस वर्षांच्या निष्कलंक कारकिर्दीनंतरचं हे त्यांचं पहिलं खोटं.

शुक्रवारी सकाळी ते पंचायतीत गेले. क्लार्क सारिकाने खुर्ची दिली. गतिरोधकाची उंची थोडी कमी करता येईल का, अगदी तातडीने, असं त्यांनी जरा आडवळणाने विचारलं. सारिकाने कपाटातून एक जाड फाइल काढली. फाइल त्यांचीच होती.

“आबा, तुमचा अकरावा अर्ज वाचते. ‘गतिरोधकाची उंची इतकी असावी की भरधाव वाहनाच्या पोटाला लागून चालकास जन्मभर आठवण राहावी.’ सही हौशीराम काजळे.” तिने वर पाहिलं. “लागलं का पोटाला?”

“लागलं.”

“कमी करायची तर ग्रामसभेचा ठराव लागंल. ग्रामसभा जत्रा झाल्यावर.” मग ती थोडी हसली. “माझी तेजल त्याच शाळेत जाते, आबा. बसवाला थांबतो आता तिथं. मला विचाराल तर कमी करू नका.”

हौशीरामांनी फाइल मिटली. “न्हाई करत,” ते म्हणाले, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आपण कुणाच्या तरी कामाला आलो, असं त्यांना वाटलं.

उमेशने नळीचा चेपलेला तुकडा कापून तिथे ट्रॅक्टरच्या रेडिएटरचा जाड रबरी होज बसवला, दोन्ही बाजूंनी क्लिपा आवळल्या. मग गाडी आतून धुवायला काढली. सात वेळा पाणी बदललं तरी पिवळं येतच राहिलं. “हळद लागलेली नवरी हाये, लवकर न्हाई उतरायची,” नंदाबाई म्हणाल्या. हळद गेली हे ऐकून त्यांना राग आला होता, पण आता त्या रोज सकाळी गाडीला नमस्कार करत होत्या.

शनिवारी कूलंट भरला. गळती शून्य. टाळ्या झाल्या. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं आणि काटा पुन्हा लाल रेघेकडे निघाला. आतला हीटर लावून पाहिला तर त्यातून गार वारा येत होता. उमेशने हात टेकले. संदेशने फोन काढून भाड्याच्या गाडीचा नंबर शोधायला घेतला.

“ठेव फोन,” हौशीराम म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. “हवा अडकलीय! नवी लाइन टाकली का डोंगरावर हवा बसती, पानी पुढं सरकत न्हाई. आपन काय करायचो? सगळ्यांत उंच जागी एअर व्हॉल्व्ह उघडायचो. हिचं नाक उंच करा. पुढच्या रेडिएटरला हवा सोडायचा स्क्रू हाये. हवा आपनहून वर येती, फकस्त वाट द्यायची.”

“पण एवढा सरळ चढ आणायचा कुठून?” संदेश म्हणाला.

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. वाडीच्या मागे बैलगाड्यांच्या शर्यतीची चढाची धावपट्टी आहे, तिला इकडे घाट म्हणतात. जत्रा पंधरा दिवसांवर आली होती. घाट नुकताच रोलर फिरवून, पाणी मारून गुळगुळीत केला होता आणि धोंडिबांनी त्यावर कोंबडीलाही पाय ठेवू दिला नव्हता.

“न्हाई,” धोंडिबा म्हणाले. “तितं बैल पळत्यात. पेट्रोलचं चाक लागू देनार न्हाई. आमची कमिटी हाये, मीटिंग घ्यावी लागंल.”

“मंग घे की.”

“सगळी मेंबरं हितंच हायेत, पर नोटीस द्यावी लागती सात दिसांची.”

हौशीराम त्यांच्या अगदी जवळ गेले. “धोंडिबा, त्या घाटाला मारायचं पानी कुटनं आलं?”

 ती लाइन कुणी टाकली होती, हे सगळ्या वाडीला माहीत होतं. उन्हाळ्यातली गोष्ट होती आणि हौशीरामांना तेव्हा ताप होता.

“एका अटीवर,” धोंडिबा घसा साफ करून म्हणाले. “गुलाल मी उधळनार. बिगरगुलालाचं कुनी तो घाट चढलं न्हाई.”

इंजिन तापू नये म्हणून पंधरा जणांनी गाडी ढकलत नेली. अर्ध्या चढावर थांबवून चाकांमागे दगड लावले. नाक आभाळाकडे. उमेशने इंजिन सुरू केलं, हीटर पूर्ण सोडला, आणि हौशीरामांनी पुढचा स्क्रू पान्याने अर्धा फेरा सैल केला. आधी काहीच नाही. मग आतून गडगड, फुस्स, पुन्हा गडगड, फेस. नंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. हौशीरामांचा कान गाडीच्या नाकाशी. “येऊ दे… येऊ दे…” फुसफुस बारीक होत गेली आणि स्क्रूतून कूलंटची अखंड धार आली. हळदीची किंचित छटा असलेली. काटा एकदा थरथरून मागे फिरला आणि मधोमध बसला. हीटरमधून गरम हवेचा झोत आला.

“झाली, झाली, भिर्रर्रर्र!” धोंडिबांनी शर्यतीची आरोळी ठोकली आणि गुलालाची अख्खी पिशवी रिकामी केली. लाल गाडीवर तो फारसा दिसला नाही, पण हौशीराम दोन दिवस गुलाबी होते.

रविवारी सकाळी गतिरोधकावर दोन फळ्या टाकून गाडी बाहेर काढली आणि हौशीराम एकटे निघाले. कार्ला लेण्यांच्या फाट्यापाशी सुट्टीची गर्दी तुंबलेली. पुढे बस, मागे बस, बाजूला मक्याच्या कणसांचा धूर. गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. वीस मिनिटं. त्यांनी रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त पाहिलं. काटा थोडा वर आला.  मग पुढून पंख्याची घरघर ऐकू आली, आणि काटा गुमान परत मधोमध जाऊन बसला. “शाबास,” ते मोठ्याने म्हणाले. शेजारच्या बसमधल्या बाईंना ते आपल्याला म्हणाले असं वाटलं.

नऊला तीन मिनिटं कमी असताना ते बंगल्यासमोर उभे होते. शालनताई पायरीवर बसल्या होत्या. त्यांची बॅग पुढच्या खड्ड्यात ठेवली. मागचं झाकण उघडून ताईंनी नेहमीच्या सवयीने टाकी पाहिली.

“हौशीराम, हे पिवळं काय?”

“हळद, ताई.”

“कुणी घातली?”

“गावानं.”

ताई हसल्या. “जखमेवर हळद. डॉक्टर म्हणून माझी हरकत नाही.”  स्टेशनपर्यंत त्या काचेखालच्या पट्टीवर हात ठेवून बसल्या. उतरताना म्हणाल्या, “एवढा स्थिर काटा मी कधी पाहिला नव्हता.” हौशीरामांना पुष्कळ बोलायचं होतं. पण त्यांना एवढंच जमलं, “ताई, पानी उकळून प्या तिकडचं.” ताईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. मग त्या पुलावरून पलीकडे गेल्या, मागे वळून दोनदा हात केला.

परत आले तेव्हा वाडीच्या तोंडाशी सगळे उभे होते. फळ्या नव्हत्या, जत्रेच्या मांडवाला कुणी तरी नेल्या होत्या. धोंडिबांनी मागचं झाकण उघडून टाकीत डोकावलं, रेघेवर बोट ठेवलं आणि जाहीर केलं, “एक थेंब कमी न्हाई!” नंदाबाई आरतीचं ताट सारिकाच्या हातात देऊन सरळ दार उघडून आत बसल्या.

“वैनी, उतरा,” धोंडिबा म्हणाले. “वजनानं पोट टेकंल. ह्यो गतिरोधक तुमच्याच घरचा हाये, लय वाईट हाये.” म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं.

“न्हाई उतरनार. चौतीस वर्सं ह्यांच्या पान्याच्या पाळ्यांपायी मी कुटं गेले न्हाई. आज घरापत्तुर बसून जानार.”

हौशीरामांनी बायकोकडे पाहिलं. मग गतिरोधकाकडे पाहिलं. पाणी कधी उभा चढ चढत नाही, आडवी वाट काढतं, हे त्यांना आयुष्यभर माहीत होतं. त्यांनी चाक वळवलं आणि गाडी तिरकी घेतली. पुढचं डावं चाक वर आलं. मग उजवं.  पोट वरून सरकत गेलं… मागचं डावं… मागचं उजवं… टप्. खाली.

‘खर्रर्र’ झालं नाही.

टाळ्या वाजल्या, बैलांची घुंगरंसुद्धा वाजली. हौशीरामांनी घाम पुसला आणि ते घराकडे गाडी वळवायला लागले, तोच नंदाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “मागं घ्या. परत एकदा.”